तपासणीच्या दिवशीचा गजर

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर मोबाइल ॲपमुळे चालणे, पाणी पिणे आणि औषधांच्या वेळा पाळणे सोपे होते, हे एका लेखातील प्रतिपादन मला मनापासून पटते. मात्र या तिन्ही गोष्टींना सारखेच महत्त्व देणे योग्य वाटत नाही. टॅक्रोलिमससारखे, प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारे औषध बहुतेकांना दर 12 तासांनी घ्यावे लागते, आणि त्याचे रक्तातील प्रमाण घटले तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते, वाढले तर तेच औषध त्या मूत्रपिंडाला इजा करू शकते. हे प्रमाण मोजण्यासाठी रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचे असते. त्यामुळे तपासणीच्या दिवशी नेहमीचा गजर ऐकून सवयीने गोळी घेतली गेली, तर अहवाल दिशाभूल करतो. ‘आधी रक्त, मग गोळी’ असे त्या दिवशी सांगणारी सोय ॲपमध्ये असायलाच हवी. प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे भूक वाढते, वजन आणि साखर चढू लागते, तेव्हा घरी मोजलेल्या वजनाची व रक्तदाबाची नोंद डॉक्टरांना पावलांच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. वर्ज्य फळांत ग्रेपफ्रूटसोबत आपल्याकडचे पपनसही ठळकपणे लिहावे, कारण त्यानेही टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. आणि या सूचना मराठीत असाव्यात, कारण अनेक घरांत गोळ्यांचा डबा आई किंवा पत्नीच भरते.