खोट्या निमंत्रणांनी कार्ल रोव्ह निवडणूक जिंकले नव्हते

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश फिरत आला. अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाचे निवडणूक सल्लागार आणि पुढे राजकीय भाष्यकार झालेले कार्ल रोव्ह यांची ती यशोगाथा आहे. त्यातील दावे थोडक्यात असे : वयाच्या 19 व्या वर्षी त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या नावाने खोटी निमंत्रणे छापून त्याला पाडले, त्यांच्याकडे पदवी नाही, तेव्हा पदवीची गरजच नाही, चाळीस वर्षांत ते एकही निवडणूक हरले नाहीत, आणि 2000 साली जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना त्यांनी एकट्याच्या बुद्धीवर राष्ट्राध्यक्ष केले. एरवी असे संदेश मी वाचून सोडून देतो. माझा भाचा पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुटीत एका उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात जातो. हा संदेश वाचून तो साताऱ्याला माझ्या छापखान्यात आला आणि म्हणाला, "मामा, समोरच्या पार्टीचं लेटरहेड आपल्याकडे हुबेहूब निघेल का?" त्यामुळे हे उत्तर लिहिणे भाग पडले.

खोट्या निमंत्रणांचा प्रकार घडला, हे खरे आहे. 1970 साली इलिनॉय राज्याच्या कोषाध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे ॲलन डिक्सन उभे होते. रोव्ह खोटे नाव सांगून त्यांच्या प्रचार कार्यालयात शिरले, तेथील लेटरहेडचे कागद त्यांनी चोरले, आणि फुकट बीअर, फुकट जेवण व मुली यांचे आमिष दाखवणारी सुमारे 1,000 निमंत्रणे त्यावर छापून ती वाटली, जेणेकरून डिक्सन यांच्या कार्यक्रमात नको ती गर्दी व्हावी. संदेश लिहिणाऱ्याने एवढे सांगितले आणि पुढचे दडपले. ती निवडणूक डिक्सन जिंकले. केवळ जिंकले नाहीत, तर दहा वर्षांनी, 1980 साली, ते अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, म्हणजे सिनेटवरही निवडून गेले. रोव्ह यांनी पुढे हा प्रकार स्वतः कबूल केला, तो तरुणपणीचा वाह्यातपणा होता आणि त्याचा आपल्याला खेद वाटतो, असे जाहीरपणे सांगितले. ज्या कृत्याने काही साधले नाही आणि ज्याची करणाऱ्यालाच लाज वाटली, ते कृत्य विशीतल्या मुलांपुढे पहिला धडा म्हणून ठेवणे हे अत्यंत बेजबाबदार आहे.

आपल्याकडे तर या गोष्टीला कायद्याची स्पष्ट बाजू आहे आणि ती प्रत्येक छापखानेवाल्याला ठाऊक असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 127अ नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता असावाच लागतो. त्याआधी प्रकाशकाने आपल्या ओळखीचे प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत सही करून द्यायचे असते, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोन माणसांनी ते साक्षांकित करायचे असते, आणि छपाईनंतर त्याची एक प्रत पत्रकासह अधिकाऱ्यांकडे आम्ही पाठवायची असते. हे मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याच्या नावाचा खोटा कागद बनवल्याचा गुन्हा वेगळाच. मी खणातून त्या प्रतिज्ञापत्राचा कोरा नमुना काढून भाच्यापुढे ठेवला आणि "प्रकाशक" या शब्दापुढच्या रेघेवर कोणाचे नाव घालू, असे विचारले. कार्यालयात ज्याने त्याला हे काम सांगितले होते, त्याचे पूर्ण नावसुद्धा त्याला माहीत नव्हते.

पदवीबाबतचे विधान बरोबर आहे, हे मात्र मला नाइलाजाने मान्य करावे लागते. 1971 साली रोव्ह यांनी युटा विद्यापीठ सोडले आणि रिपब्लिकन पक्षाच्या विद्यार्थी संघटनेचे पूर्णवेळ काम पत्करले. नंतर इतर विद्यापीठांत नावे घातली, पण पदवी कोठेच पुरी केली नाही. परंतु त्यानंतरची वर्षे संदेशातून गायब आहेत. 1981 साली त्यांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथे टपालाने प्रचारपत्रे पाठवण्याचा व्यवसाय सुरू केला. हे काम किती चिकाटीचे असते, ते मी धंद्यामुळे जाणतो : पत्त्यांच्या याद्या जमवायच्या, कोणी किती देणगी दिली ते नोंदवायचे, कोणत्या पत्राला उत्तर आले आणि कोणते केराच्या टोपलीत गेले ते तपासायचे, मेलेल्यांची व घर बदललेल्यांची नावे काढायची, आणि पुन्हा पाकिटे भरायची. बुश 1994 साली ॲन रिचर्ड्स यांना हरवून टेक्सासचे गव्हर्नर झाले, तेव्हा रोव्ह या क्षेत्रात वीसहून अधिक वर्षे घासलेले होते. 1896 च्या अध्यक्षीय निवडणुकीवर इतिहासाचे पुस्तक लिहिण्याइतका त्यांचा अभ्यास होता. त्यांनी वर्ग सोडला, वाचन सोडले नाही. भाच्याने तूर्त परीक्षेचा अर्ज भरलेला नाही आणि त्याची आई रडते आहे.

"एकही निवडणूक हरले नाहीत" हे तर धडधडीत खोटे आहे. 2004 च्या विजयानंतर बुश यांनी त्यांना शिल्पकार म्हटले, ते श्रेय त्यांचेच. पण 2006 साली, आपले गणित बरोबर आहे असे रोव्ह रेडिओवर ठासून सांगत असताना, रिपब्लिकन पक्षाने अमेरिकी संसदेची, म्हणजे तेथील काँग्रेसची, दोन्ही सभागृहे गमावली. 2012 ची कथा याहून वाईट आहे. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'अमेरिकन क्रॉसरोड्स' या संस्थेने त्या निवडणुकीत दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च केला; त्यातील किती पैसा हव्या त्या निकालाच्या कामी आला, याचा हिशेब 'सनलाइट फाउंडेशन' या अभ्याससंस्थेने मांडला, तेव्हा आकडा निघाला 1.29 टक्के. संदेश लिहिणाऱ्याने एवढा एक आकडा पाहिला असता, तर पुढचे काही लिहिण्याचे धाडस त्याला झाले नसते. मतमोजणीच्या रात्री रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या फॉक्स न्यूज वाहिनीनेच ओहायो राज्य ओबामांना गेल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच वाहिनीवर भाष्यकार म्हणून बसलेल्या रोव्ह यांनी ते मानण्यास नकार दिला. निवेदिका मेगन केली कॅमेऱ्यासह उठून निकाल ठरवणाऱ्या चमूच्या खोलीपर्यंत चालत गेल्या आणि तेथे त्यांना उत्तर मिळाले की आमची खात्री 99.95 टक्के आहे. ओहायो ओबामांनी सुमारे तीन टक्क्यांनी जिंकले.

राहिला 2000 साली बुश यांना एकट्याच्या बुद्धीवर निवडून आणल्याचा मुद्दा. त्या वर्षी देशभरात डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांना बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मते जास्त होती. पण तेथे निकाल राज्याराज्याच्या मतांवर ठरतो, आणि तो फ्लोरिडावर अडला होता. तेथे बुश अवघ्या 537 मतांनी पुढे होते आणि फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबरच्या निकालाने थांबली. उलट रोव्ह यांच्या आखणीत शेवटच्या आठवड्यातील बुश यांचा मोलाचा वेळ कॅलिफोर्नियात खर्च झाला आणि ते राज्य ते सुमारे 12 टक्क्यांनी हरले.