‘कॉन’ नावाचं फोल्डर का होत नाही, याचं उत्तर आहे

गेल्या आठवड्यात आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. आधी ई-मेलवर यायचा, मग ऑर्कुटवर, आता व्हॉट्सॲपवर. मजकूर थोडक्यात असा: संगणकावर कुठेही सी-ओ-एन, म्हणजे ‘कॉन’, या नावाचं फोल्डर बनवता येत नाही. हे एका भारतीयाने शोधून काढलं, आणि बिल गेट्ससकट मायक्रोसॉफ्टच्या अख्ख्या टीमला याचं कारण सांगता आलं नाही. त्याखाली आणखी दोन ‘जादू’. नोटपॅडमध्ये इंग्रजीत ‘बुश हिड द फॅक्ट्स’ एवढंच लिहून सेव्ह करा, बंद करून उघडा, अक्षरं गायब! आणि वर्डमध्ये बरोबरचं चिन्ह, पुढे ‘रँड’, कंसात २०० स्वल्पविराम ९९ लिहून एंटर दाबा.

दुसऱ्या दिवशी क्लासला नववीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, खुद्द बिल गेट्सला माहीत नाही, मग आपल्याला कसं कळणार?” हे वाक्य मला फार लागलं. मेसेजमधली चूक एक वेळ चालेल, पण मुलं त्यातून हे शिकत असतील तर गप्प बसवत नाही.

फोल्डर बनत नाही, एवढं खरं आहे. आम्ही क्लासच्या विंडोज १० वर करून पाहिलं. राइट क्लिक, नवीन फोल्डर, नाव सी-ओ-एन, एंटर. मशीन नाव घेत नाही आणि एक छोटी चौकट पुढे करतं: दिलेलं डिव्हाइसचं नाव चालणार नाही, अशा अर्थाची. सगळे जण ‘ओके’ दाबून ती घालवतात. मी मुलीला ती पुन्हा आणायला लावली आणि मोठ्याने वाचायला लावली. फोल्डरचं नाव चुकलं असं ती म्हणतच नाही, डिव्हाइसचं नाव म्हणते. म्हणजे ही तीन अक्षरं विंडोजच्या लेखी एका उपकरणाचं नाव आहेत. कॉन म्हणजे कन्सोल, आपला कीबोर्ड आणि स्क्रीन.

आता ‘एका भारतीयाचा शोध’. मी १९९३ साली ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये डॉस, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, शिकले. चपला बाहेर काढून एसी खोलीत जायचं, सव्वापाच इंची फ्लॉपी घालायची, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची वाट बघायची. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर पहिली आज्ञा आहे ती ‘कॉपी कॉन’. पुढे फाइलचं नाव लिहायचं, एंटर मारायचा, मग मजकूर टाइप करायचा आणि शेवटी कंट्रोल धरून झेड दाबायचं. एक फाइल कॉपी झाली, असं यायचं. अर्थ सरळ होता: कन्सोलवरून जे येईल ते या फाइलमध्ये उतरव. उलट, फाइल ‘पीआरएन’ला, म्हणजे प्रिंटरला, कॉपी केली की कोपऱ्यातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरायला लागायचा. ही नावं राखीव आहेत, फाइलला देऊ नका, हे आमच्या सरांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्या काळात डॉस शिकलेल्या कोणालाही विचारा, ‘कॉपी कॉन’ त्याच्या बोटांत असेल. शोधायला काही लपलेलंच नव्हतं.

मायक्रोसॉफ्टला उत्तर देता आलं नाही, हा या मेसेजमधला सगळ्यात चुकीचा भाग. तिथलेच अभियंते रेमंड चेन यांनी २००३ साली या राखीव नावांचं कारण जाहीरपणे लिहून ठेवलंय. आणि ते कारण म्हणजे पीसीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळा जन्मच आहे.

१९७४ साली कॅलिफोर्नियात गॅरी किल्डॉल यांनी इंटेलच्या ८०८० चिपसाठी सीपी/एम ही सिस्टीम लिहिली. तिच्यात कन्सोलला ‘कॉन’, छपाईयंत्राला ‘एलएसटी’ अशी नावं होती, मागे कोलन लावून. त्यांनीही ही पद्धत आकाशातून आणली नव्हती. डेक कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर उपकरणांना अशीच नावं असत. १९८० साली सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समधल्या टिम पॅटरसन यांनी ८०८६ चिपसाठी नवी सिस्टीम लिहिली, ८६-डॉस. सीपी/एमवरचे प्रोग्रॅम तिच्यावर सहज आणता यावेत म्हणून त्यांनी तिची घडण जाणूनबुजून सीपी/एमसारखी ठेवली. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये ५०,००० डॉलर देऊन ती विकतच घेतली. १२ ऑगस्ट १९८१ला आयबीएमचा पीसी बाजारात आला तो तिच्यावर चालत. गेट्स यांचं मोठं काम इथे आहे ते व्यवहाराचं: ही सिस्टीम इतर कंपन्यांना विकायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. ती लिहिली मात्र दुसऱ्याने, आणि तिसऱ्याची घडण समोर ठेवून.

पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. १६० केबीच्या फ्लॉपीवर फाइली एकाच यादीत असत आणि फाइलच्या नावाच्या जागी ‘कॉन’ लिहिलं की कन्सोलच समजला जायचा, मागे कोलन नसला तरी. मार्च १९८३ मध्ये १० एमबीच्या हार्ड डिस्कसकट पीसी एक्सटी आला, त्याबरोबर डॉस २.० आणि फोल्डर आले. आता अडचण बघा. जुन्या प्रोग्रॅमना फोल्डर म्हणजे काय ते ठाऊकच नाही. ते ‘पीआरएन’वर लिही एवढंच म्हणणार, मग तुम्ही कुठल्याही फोल्डरमध्ये उभे असा. ते चालत राहावेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये आहेतच, असं मानायचं ठरलं. नावामागे कुठलंही एक्स्टेन्शन (टिंबानंतरची अक्षरं, जसं टीएक्सटी) लावलं तरी तेच, कारण बरेच प्रोग्रॅम आपणहून एक्स्टेन्शन चिकटवायचे. बेल लॅब्जच्या युनिक्समध्येही उपकरणं फाइलसारखीच वापरतात, पण तिथे त्यांना एक वेगळी जागा दिली आहे, सगळी उपकरणं एकाच फोल्डरात. डॉसने तसं केलं असतं तर हा मेसेज जन्मालाच आला नसता.

मेसेजला हल्ली एक शेपूट जोडलेलं असतं: कॉन हे गेट्स यांचं शाळेतलं टोपणनाव, म्हणून त्यांनी बंदी घातली. पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, कॉम१, एलपीटी१ ही उपकरणांची नावंसुद्धा तशीच बंद आहेत, आणि ‘कॉन’ हे नाव मायक्रोसॉफ्टकडे डॉस येण्याआधीपासून सीपी/एममध्ये होतं. याहून जास्त बोलायची गरज नाही.

‘संगणकावर कुठेही’ हेही खोटं. लिनक्सवर आणि मॅकवर कॉन नावाचं फोल्डर निमूटपणे बनतं. विंडोजवरही कमांड प्रॉम्प्टमध्ये पत्त्याच्या आधी दोन उलटे तिरके दांडे, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक दांडा लावला की बनतं, कारण डिस्कवरच्या फाइल-व्यवस्थेची हरकत नसते. हरकत असते ती विंडोजच्या, नावं तपासणाऱ्या मधल्या थराची. (घरी करून पाहिलंत तर पुसतानाही तोच पत्ता लागेल, नाहीतर ते फोल्डर जाता जात नाही.) याच्यावरून कोणी म्हणेल, म्हणजे विंडोज आतून अजून डॉसच! तसं नाही. डेव्ह कटलर यांच्या चमूने बांधलेली एनटी ही वेगळ्या पायावरची सिस्टीम १९९३ साली आली, आणि २००१ च्या एक्सपीपासून घरोघरी तीच आहे. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून जुना नियम तेवढा सांभाळलाय.

नोटपॅडची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती आपल्या मराठीचीही आहे. बुश यांचा तिच्याशी संबंध नाही. त्या वाक्यात शब्द चार, तीन, तीन आणि पाच अक्षरांचे, मध्ये तीन जागा, प्रत्येकाला एक बाइट, एकूण १८ बाइट. फाइलवर ती कुठल्या लिपी-संकेतात आहे याची खूण नसते, म्हणून नोटपॅड अंदाज बांधायचं. विंडोज २००० आणि एक्सपीवर हा अंदाज चुकायचा, दोन-दोन बाइट जोडून नोटपॅड त्यांना युनिकोडमधलं (जगभरच्या लिप्यांसाठीच्या एका समान संकेतातलं) एकेक अक्षर समजायचं, आणि १८ इंग्रजी अक्षरांच्या जागी ९ चिनी अक्षरं किंवा ९ चौकोन दिसायचे. ‘धिस ॲप कॅन ब्रेक’ या वाक्यालाही हेच व्हायचं. मजकूर गायब झालेला नसायचाच, चुकीचा वाचला जायचा. व्हिस्टापासून हे थांबलं.

डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधली लग्नपत्रिका दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसायचा, तो याच जातीचा प्रश्न. बाइट तेच, वाचणाऱ्याचं गृहीतक वेगळं. आणि इथे अभिमान बाळगावा असं काम खरोखर झालंय. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी वाढवलेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणणारं जिस्ट तंत्रज्ञान, भारतीय लिप्यांचा इस्की हा संकेत, आणि त्याच इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला युनिकोडमधला देवनागरीचा भाग. आज तो मेसेज मराठीत वाचता येतो तो या कामामुळे. त्याबद्दल एकही ओळ कोणी पुढे पाठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वर्डमधलं ‘रँड’ म्हणजे नमुन्याचा मजकूर भरण्याची सोय: २०० परिच्छेद, प्रत्येकात ९९ वाक्यं. फॉन्ट आणि पानाची मांडणी तपासायला ती मुद्दाम दिली आहे.

त्या मुलीला मी शेवटी देवनागरीत ‘कॉन’ लिहून फोल्डर बनवायला सांगितलं. लगेच बनलं. दुसऱ्या दिवशी ती घरून पीआरएन आणि एनयूएल करून आली होती, दोन्ही वेळा आलेला संदेश वहीत उतरवून. बसता बसता तिने विचारलं, “मॅडम, ड्राइव्ह सीपासून सुरू होतो, मग ए आणि बी कुठे गेले?” मी कपाटातून सव्वापाच इंची फ्लॉपी काढली आणि तिच्या हातात दिली.