तो फ्रेंच बंदुकीचा विनोद मला पाठवू नका

शाळेच्या ग्रुपवर आज पुन्हा तोच विनोद. फ्रेंच बंदूक विकणे आहे, एकदाही न झाडलेली, फक्त एकदा खाली टाकलेली. म्हणजे फ्रेंच न लढताच शरण जातात. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. डोकंच सणकलं.

मान्य, १९४० साली फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला. पुढचं कोण वाचणार? अल्सास हा फ्रान्स-जर्मनी सीमेवरचा ऱ्हाईनकाठचा मुलूख. १८७१ला जर्मनीने घेतला, १९१८ला फ्रान्सकडे आला, १९४०ला हिटलरने गिळला. नोव्हेंबर १९४४मध्ये फ्रेंच सेनानी लक्लेर्कच्या रणगाड्यांनी तिथलं मुख्य शहर स्ट्रासबुर्ग सोडवलं. वर्षअखेरीस जर्मन पुन्हा चालून आले, तर दोस्त फौजांचा सरसेनापती आयझेनहॉवर म्हणे शहर सोडा, व्होज डोंगरापर्यंत मागे या. लष्करी हिशेबाने बरोबर असेलही. पण फ्रेंच सैन्याचं उघड स्वागत केलेल्या लोकांना कुणाच्या तोंडी देणार होता? फ्रान्सच्या सरकारचा प्रमुख द गॉल हटून बसला. ३ जानेवारी १९४५ला व्हर्सायला चर्चिलच्या देखत खडाजंगी झाली आणि हुकूम फिरला.

आणि शहर राखलं कुणी? तिसऱ्या अल्जीरियन पायदळ डिव्हिजनने! अल्जीरिया म्हणजे तेव्हाची उत्तर आफ्रिकेतली फ्रेंच वसाहत. (हो, तिच्यात गोरेही होते. आणि सगळे काही हौसेने आले नव्हते.)

भाच्याने मला अल्सासमधल्या सिगोल्सहाइमची लष्करी दफनभूमी दाखवली होती. द्राक्षमळ्यांमधली टेकडी, एकीकडे क्रूस, दुसरीकडे मक्केच्या दिशेने लावलेल्या शिळा. एका शिळेवरची अक्षरं मी बोटाने लावत बसले. नाव मोहम्मद, खाली 'फ्रान्ससाठी मृत्यू'.

ज्या फ्रान्ससाठी, त्याने काय केलं? त्याच हिवाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेच्या काळ्या शिपायांना आघाडीवरून काढून त्यांच्या जागी गोरी पोरं भरली. ८ मे १९४५, युरोपात विजयाचा जल्लोष, आणि अल्जीरियात सेतीफला स्वातंत्र्याचा झेंडा घेतलेल्या मोर्चावर फ्रेंच पोलिसांच्या गोळ्या. १९५९पासून वसाहतींतल्या शिपायांचं पेन्शन गोठवत नेलं, ते फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीला आणायचं ठरायला २००६ उजाडलं. तोवर किती जण उरले असतील?

भाचा म्हणत होता, "मावशी, चल गं, बस जाईल." माझा पाय निघेना. त्या मोहम्मदच्या शिळेशी मला आपले माणगावचे यशवंत घाडगे आठवत होते. जुलै १९४४, इटली, मशीनगनवर एकटे धावून गेले, तेही परक्या राजाच्या झेंड्याखाली. त्यांना तरी आपण कुठे रोज आठवतो म्हणा.

असो. अल्सासमधल्याच कोल्मारच्या रंगीत घरांसमोर फोटो काढायला आपले बरेच जण जातात. सिगोल्सहाइम तिथून जवळच आहे. अर्धा दिवस काढा.