बॅगेतले २३ किलो

मेलबर्नच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या अधिकारीबाईंनी साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा दोन किलोंचा खोका उघडला, यात दूध आहे का असे विचारले, आणि मी काहीशा अभिमानानेच 'सगळे दूधच आहे' असे सांगितल्यावर तो शांतपणे शेजारच्या पिंपात टाकला. खोक्याला मी घरून पांढरी सुती दोरी बांधून नेली होती. ती दोरी तेवढी त्यांनी सोडवून बाजूला ठेवली होती, आणि ती मी का उचलून पर्समध्ये टाकली, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या वेळी राग आला. नंतर जावयांनी समजावून सांगितले की, आपल्याकडे गुरांना होणारा लाळ्या-खुरकूत ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर एकदाही आलेला नाही आणि तो दुधाच्या पदार्थांतूनही पोहोचू शकतो, म्हणून पेढे, बर्फी, रसगुल्ले असे काहीही प्रवाशाच्या सामानातून आत जाऊ देत नाहीत. विमानात भरायच्या कार्डावर खाद्यपदार्थांपुढे 'होय' अशी खूण करायची, हे लेकीने मला फोनवर चार वेळा बजावले होते म्हणून माझे नुसते पेढेच गेले. जे सांगितले जाते ते फार तर जप्त होते, पण लपवलेले सापडले तर दंड होतो आणि प्रसंगी व्हिसाही रद्द होऊ शकतो. पोळपाट-लाटणेही मी असेच कार्डावर लिहिले होते. त्यांनी ते उलटसुलट करून, लाकडाला कुठे साल किंवा कीड नाही ना हे पाहून, परत दिले.

मात्र मला लिहायचे आहे ते पेढे जप्त झाल्याबद्दल नाही. ते सुखरूप पोहोचले असते तर त्या घरात ते खाल्ले कोणी असते, हा माझा प्रश्न आहे. जावयांची साखर काठावर आहे, नातीला खव्याचा वास आवडत नाही, आणि लेक लहानपणापासून तिखटाची. हे सारे मला ठाऊक होते. तरीही मी ते घेतले, कारण लेकीकडे रिकाम्या हाताने जाऊ नये असे माझ्या आईने मला शिकवले होते आणि शेजारच्या काकूंनी 'पेढे घेतलेस ना?' असे दोनदा विचारले होते. आपण परदेशी नेतो त्यातले निम्मे सामान आपले मन आणि आपले शेजारी यांच्या समाधानासाठी असते, असे माझे मत या चार फेऱ्यांनंतर बनले आहे.

उरलेले निम्मे आपण तीस वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या माणसासाठी नेतो. मी १९९८ मध्ये न्यू जर्सीत एडिसनला भावाकडे प्रथम गेले, तेव्हा मेतकुटाची बरणी उघडून वहिनी तिथेच ओट्याशी उभी राहून चमच्याने कोरडे मेतकूट खात होती, आणि त्या एका दृश्यावर मी पुढची कित्येक वर्षे बॅगा भरत राहिले. ओक ट्री रोडवर भारतीय दुकाने तेव्हाही होती, परंतु आपल्याकडचा गोडा मसाला किंवा थालीपिठाची भाजणी त्यांच्यात सहज मिळत नसे. आज त्याच रस्त्यावर पुण्याची बाकरवडी पाकिटात मिळते, आणि मेलबर्नकरांना डँडेनाँगला जाऊन भडंगापासून कोकमापर्यंत सगळे आणता येते. अशा ठिकाणी तीन किलो बाकरवडी वाहून नेणे म्हणजे नाशिककराला द्राक्षे भेट देण्यासारखे आहे. आणि जे खरोखर न्यावेसे वाटते, ते बहुधा नेता येत नाही. भावाला आंबेमोहोराचे वेड आहे, पण खपरा भुंगेरा या साठवणीच्या धान्याला लागणाऱ्या किडीच्या भीतीने अमेरिकेत भारतातून तांदूळ सामानात नेण्यास मनाई आहे. हापूस २००७ पासून विकिरण करून रीतसर व्यापारी मार्गाने तिकडे जातो. आपल्या बॅगेतून मात्र नाही.

मग न्यावे काय? 'काय आणू?' असे विचारले की उत्तर ठरलेले असते: 'काही नको, आई, तू ये.' मराठी घरात याहून वेगळे उत्तर कोणी देत नाही, म्हणून मी प्रश्नच बदलला. गेल्या खेपेला मी लेकीला विचारले की, तुझ्या घरात सध्या काय मोडलेले, तुटलेले किंवा कमी पडलेले आहे? दहा मिनिटांत नऊ वस्तूंची यादी तयार झाली. इथून नेलेल्या पाच लिटरच्या कुकरची रिंग सैल झाली होती आणि वाफ बाजूने जात असल्यामुळे डाळीला दुप्पट वेळ लागत होता. त्या मापाची रिंग तिकडच्या दुकानात मिळत नव्हती. सोऱ्याची चकलीची चकती हरवली होती. जावयांना जुन्या नंबरचाच आणखी एक चष्मा हवा होता, कारण तिकडे तो करायचा म्हणजे खिशाला मोठीच चाट. पूर्वी दर वेळी मी त्यांना 'जावयाचा मान' म्हणून शर्ट नेत असे, आणि त्यातले चार त्यांच्या कपाटात टाचण्यांसकट जसेच्या तसे होते. रिंग हातात पडल्यावर त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतः वरण लावले.

नातीसाठी परकर-पोलके शिवून नेले. लेकीने सुतळीने मापे घेऊन प्रत्येक तुकड्यावर 'छाती', 'कंबर', 'उंची' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यांचे फोटो मोजपट्टीजवळ ठेवून पाठवले, आणि आमच्या शिंप्याने ते मोबाइलवर पाहून 'मुलगी वाढती आहे, दोन इंच आत दाबून ठेवतो' असे सांगितले. ते दोन इंच ती पुढच्या वर्षी मंडळाच्या गणपतीला उसवून घेणार आहे. असे दाबून ठेवलेले कापड कोणत्याही तयार कपड्यात मिळत नाही.

एक वस्तू मात्र मी न विचारता नेते, ती म्हणजे १९७३ पासून घराघरात लटकत आलेले कालनिर्णय. त्यातली चंद्रोदयाची वेळ मेलबर्नला उपयोगाची नाही आणि संकष्टीला लेक मोबाइलवरच पाहते. तरीही आपल्या आजीच्या दुधाच्या हिशोबाच्या जागी तिथे आता कोणत्या आठवड्यात कोणत्या रंगाच्या झाकणाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, हे पेन्सिलीने लिहिलेले असते.

पैठणी, चांदीच्या वाट्या, निरांजने यांबद्दल फार लिहीत नाही. ती लग्नामुंजीला द्यावीत. एरवी ती तिथे खोक्यात आणि इथे आपल्या बोलण्यात राहतात.

राहता राहिली दुसऱ्यांची पार्सले. 'फक्त दोनच किलो आहे, बाजूला कुठेतरी बसेल' असे म्हणणाऱ्यांना मी आता स्पष्ट नकार देते, आणि त्याबद्दल नात्यात थोडी शिष्ट ठरले आहे. एकदा दुबईला मावसबहिणीकडे जाताना असेच एकीने अनारशांचे डबे दिले होते. अनारशांना खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणे हा अमली पदार्थांच्या कायद्यात येणारा गंभीर गुन्हा आहे. हे निघण्याच्या आदल्या रात्री योगायोगाने आठवले म्हणून डबे घरी राहिले. सामान तुम्हीच भरले आहे का, असे विमानतळावर विचारतात ते औपचारिकता म्हणून नाही. बॅग आपल्या नावावर असते, आणि डब्यात काय आहे हे देणारीलाही नेमके ठाऊक नसते.

मार्चमध्ये पुन्हा जायचे आहे. यादीत सध्या दोन रिंगा (एक राखीव), पुरणयंत्राची बारीक जाळी, नातीसाठी मोठ्या टायपातली मराठी गोष्टींची पुस्तके आणि लेकीच्या जुन्या चपलेच्या मापाची कोल्हापुरी एवढेच आहे. काल बॅग भरून वजनकाट्यावर ठेवली तर नेता येणाऱ्या २३ किलोंपैकी अकराच किलो भरली, आणि हे आमच्या इमारतीत कसे कोण जाणे पसरल्यामुळे आज सकाळी शेजारच्या काकू एक पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.