वयाची मोजणी चिठ्ठीच्या तारखेपासून हवी

मार्च २०२४ मध्ये दिवंगत पंजाबी गायक सिद्धू मूसेवालाच्या आईला आयव्हीएफमधून (टेस्ट ट्यूब पद्धतीने) मुलगा झाला. त्यांचं वय ५८ सांगितलं गेलं. केंद्राने पंजाब सरकारकडे अहवाल मागितला आणि वयाच्या अटीवर चर्चा सुरू झाली. २०२१च्या एआरटी कायद्यात, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांच्या कायद्यात, ही अट बाईसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ अशी आहे. पन्नाशीनंतर आई व्हावं का, यावर इकडे इंग्लंडमधली मराठी माणसंही तावातावाने बोलली. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीच्या खेड्यांतली जोडपी मात्र त्या बोलण्यात कुठेच नव्हती.

तिकडे पोरीचं लग्न विशीच्या आसपास होतं. पंचविशी गाठेपर्यंत लग्नाला पाच वर्षं झालेली असतात आणि ‘हिच्यातच खोट आहे’ असं ठरवून गाव मोकळं होतं. या बाईला पन्नाशीची अट कधीच आडवी येत नाही. तिची वर्षं आधीच खर्ची पडतात. आधी अंगारे-धुपारे, मग तालुक्याच्या खासगी दवाखान्यात पाळीच्या गोळ्या, सोनोग्राफी, परत गोळ्या. नवऱ्याची तपासणी शेवटी होते, नाहीतर होतच नाही.

इंग्लंडचा दाखला देताना अर्धाच सांगितला जातो, म्हणून पूर्ण सांगते. कोणते उपचार द्यावेत हे सरकारी आरोग्यसेवेला सुचवणाऱ्या इथल्या ‘नाइस’ संस्थेची २०१३ची शिफारस अशी: दोन वर्षं प्रयत्न करूनही मूल नसेल तर चाळिशीच्या आतल्या बाईला सरकारी खर्चाने आयव्हीएफच्या तीन पूर्ण फेऱ्या, आणि ४० ते ४२ वयात काही अटींवर एक. पण पैसा स्थानिक आरोग्य मंडळांच्या हातात असतो आणि शिफारस त्यांना बंधनकारक नाही. बरीच मंडळं एकच फेरी देतात, काहींनी वयाची अट आणखी खाली आणली आहे. नदीच्या या काठाला तीन आणि त्या काठाला एक, असा प्रकार. सरकारी खर्चाने होणाऱ्या फेऱ्यांचं प्रमाण घटत घटत साऱ्या देशातल्या फेऱ्यांच्या पाव हिश्शाच्या आसपास आलं आहे. त्यात सगळ्यात जाचक गोष्ट म्हणजे वयाचा काटा रांगेतही चालूच राहतो. ३९व्या वर्षी आलेली बाई तपासण्यांच्या आणि नंबराच्या प्रतीक्षेत चाळिशीची झाली, की तीनऐवजी एक. उशीर व्यवस्थेचा, शिक्षा तिला.

वयाला महत्त्व आहे, हे मला नाकारायचं नाही. स्वतःचं स्त्रीबीज वापरलं तर पस्तिशीच्या आत गर्भाशयात सोडलेल्या दर तीन गर्भांपैकी साधारण एकातून बाळ होतं. ४३-४४व्या वर्षी वीसांतून एक. मर्यादित पैसा कुठे घालायचा हे ठरवताना वय पाहावंच लागेल. माझा आग्रह एवढाच की ते वय, जोडप्याला उपचारासाठी पुढे पाठवताना दवाखाना जी पहिली चिठ्ठी देतो तिच्या तारखेचं धरावं.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून अशी रांगच नाही. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे, पण वंध्यत्वाचे उपचार त्यातून वगळले आहेत. १९५२पासून आपण कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम चालवतो. नसबंदीला शिबिर, गाडी, मोबदला, आशाताईंचा पाठपुरावा, सगळं आहे. मूल नको असणाऱ्याच्या दारात सरकार जातं. मूल हवं असणाऱ्याने दीड-दोन लाख कर्ज काढून नागपूर गाठायचं. हे पैसेवाल्या देशांचं काम आहे असं म्हणू नये. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं ते मुंबई महापालिकेच्या केईएममध्ये.

सुरुवात आयव्हीएफने करायचीही गरज नाही. सुरुवात सूक्ष्मदर्शकाने करावी, कारण ग्रामीण रुग्णालयात तो आहेच. वीर्यतपासणी स्वस्त आहे आणि तीच सगळ्यात जास्त बिघडते. नमुना आधीच्या वीर्यपतनानंतर २ ते ७ दिवसांनी द्यायचा, रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत, पूर्ण. पहिला थेंब सांडला तर अहवाल फसवा येतो, कारण बहुतेक शुक्राणू त्याच भागात असतात. साबण किंवा साधा कंडोम वापरायचा नाही. नमुना तासाच्या आत तपासायला हवा. घरून खिशात घालून एसटीने आणलेला नमुना थंडीच्या दिवसांत निम्मा निपचित पडलेला असतो आणि निरोगी माणसावर ठपका बसतो. म्हणून रुग्णालयातच आतून कडी असलेली एक खोली हवी, बाकी काही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांत मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि पुढे सरकणारे ३० टक्के ही खालची पातळी आहे. त्याखाली आकडा आला म्हणून लगेच निकाल देऊ नये. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. मलेरिया किंवा टायफॉईडच्या तापानंतर संख्या कोसळते आणि हळूहळू भरून येते. गडचिरोलीच्या एटापल्ली-भामरागडात नुकता ताप येऊन गेला का, हे विचारल्याशिवाय अहवाल वाचूच नये. तंबाखूचा खर्रा बंद करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं.

बाईच्या बाजूने थायरॉईड, रक्तातलं लोह आणि गर्भनलिकांचा एक्सरे. हा एक्सरे पाळीचं रक्त थांबल्यावर, साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी काढतात. नळ्या बंद निघाल्या तर आपल्याकडे क्षयरोगाचा संशय घ्यायलाच हवा. त्या तपासणीत एक चूक पुन्हा पुन्हा होते: गर्भाशयाच्या अस्तराचा सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकतात. त्यात जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होत नाही. तुकड्याचे दोन भाग करावे, एक फॉर्मेलिनमध्ये, दुसरा साध्या सलाईनमध्ये सीबीनॅट (क्षयरोगाची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी. क्षयरोगाची औषधं सरकारी आणि मोफत आहेत, निदानच हुकतं. शिवाय पूर्व विदर्भात दोघांची सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी उपचाराआधी व्हावी, दिवस गेल्यावर नव्हे.

यातून सुटणार नाहीत त्यांनाच आयव्हीएफ लागेल. त्यात रोजची इंजेक्शनं नऊ ते बारा दिवस, दिवसाआड सोनोग्राफी, मग बीजं पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांत बीजं काढणं. ट्रिगर रात्री दहाचा असेल तर दहालाच. चार-पाच तास लवकर टोचलं गेलं तर टेबलावर घेईपर्यंत बीजं फुटून गेलेली असू शकतात. धारणीची बाई एवढे दिवस नागपुरात खोली घेऊन राहिली, तर तिची आणि नवऱ्याची ऐन वेचणीतली मजुरी बुडते. इंजेक्शनं आणि सोनोग्राफी उपजिल्हा रुग्णालयात, फक्त बीजं काढणं आणि गर्भ गर्भाशयात सोडणं हे शेवटचे दोन टप्पे मोठ्या केंद्रात, अशी विभागणी करता येते. मात्र बरीच इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. लसींच्या फ्रीजमध्ये दुसरं औषध ठेवायची मुभा नाही, म्हणून वेगळा फ्रीज आणि इन्व्हर्टर धरावा. मे महिन्यात ४५ अंशांवर वीज गेली तर एका दुपारी सगळा साठा वाया. पोट फुगणं, धाप लागणं, लघवी कमी होणं, ही अंडाशय अति फुगल्याची लक्षणं आशाताईंना ठाऊक हवीत. पीसीओएस (अंडाशयाचा संप्रेरकांशी संबंधित विकार) असलेल्या तरुण बायकांना तो धोका जास्त.

योजना आखताना इंग्लंडचे नियम जसेच्या तसे उचलू नयेत. इथे बहुतेक ठिकाणी बाईचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १९ ते ३० लागतो. तो नियम लावला तर आपल्याकडे निंदणाला जाणाऱ्या कितीतरी हडकुळ्या बायका पहिल्याच चाळणीत बाद होतील. त्यांना आधी आहार आणि लोह द्या, नाव कापू नका. नवरा-बायकोपैकी एकाला आधीचं मूल असेल किंवा नसबंदी झाली असेल, तर इथली मंडळं बहुधा नकार देतात. आपल्याकडे दोन लेकरांवर तेविसाव्या वर्षी सरकारी शिबिरात नसबंदी झालेली आणि नंतर लेकरू दगावलेली बाई याच नियमाने बाहेर पडेल. तिची नळी जोडण्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात प्राधान्याने व्हायला हवी.

हे सगळं सुरू करायला कागद एकच लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्राने लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न गेलेल्या जोडप्याला, बाई ३५च्या पुढची असेल तर सहा महिन्यांनी, एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर दोघांची नावं, बाईचं त्या दिवशीचं वय आणि तारीख. नवऱ्याच्या तपासणीचा रकाना भरल्याशिवाय बाईला पुढची कोणतीही तपासणी लिहू नये. पुढे अमरावतीचं डफरीन रुग्णालय असो, नागपूरचं डागा असो की मेडिकल, नंबर लागायला कितीही महिने गेले तरी पात्रता त्या चिठ्ठीवरच्या वयानेच ठरावी.