जंगल साहेबांचे, सही आमची

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही काही निवृत्त बँकवाले पातालपानी ते कालाकुंड रेल्वेने जाऊन आलो. इंदूरकरांना ही सहल नवी नाही: बोगदे, दरीतली चोरल नदी, दोन्ही अंगांना हिरवे डोंगर आणि कालाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानावर मिळणारा कलाकंद. परतताना एक सहकारी म्हणाले, "हे जंगल टिकवायचे असेल तर आतल्या लोकांना बाहेर काढून सगळीकडे तारेचे कुंपण घातले पाहिजे." डब्यातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात कलाकंद होता म्हणून मी तेव्हा बोलले नाही, ते आता लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी बदली नर्मदेच्या बाजूच्या एका ग्रामीण शाखेत झाली होती. आसपासच्या गावांत संयुक्त वन व्यवस्थापनाच्या, म्हणजे वनखाते आणि गाव यांनी मिळून जंगल राखायच्या योजनेच्या, समित्या होत्या आणि त्यांची बचत खाती आमच्याकडे होती. खाते दोघांच्या सहीने चालायचे. एक समितीचा गावातला अध्यक्ष आणि दुसरा, सचिव म्हणून, वनखात्याचा कर्मचारी, बहुधा नाकेदार. (वनरक्षकाला आमच्याकडे नाकेदारच म्हणतात.) एका समितीचे अध्यक्ष, साठीच्या घरातले भिलाला आदिवासी गृहस्थ, विड्रॉल फॉर्मवर सही करायला यायचे. प्रत्येक अक्षरानंतर पेन उचलायचे, थोडे थांबायचे आणि मग पुढचे अक्षर काढायचे. पासबुक मात्र त्यांच्या हातात मी कधीच पाहिले नाही. एकदा सहज विचारले, की खात्यात किती शिल्लक आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? ते हसून म्हणाले, "मॅडम, जंगल साहब का, दस्तखत हमारे." नाकेदार वाईट माणूस नव्हता, पासबुक गावात ठेवले तर हरवेल, अशी त्याची अगदी प्रामाणिक समजूत होती. मी त्यांना शिल्लक सांगितली. तो आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला.

वनसंवर्धनातल्या लोकसहभागाबद्दल मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा मला ते पासबुक आठवते. माझे मत एवढेच आहे, की खड्डे खणायला, आग विझवायला आणि गस्त घालायला गावाला बोलावणे म्हणजे सहभाग नव्हे. कोणते झाड कधी तोडायचे, काय विकायचे, काय विकायचे नाही आणि आलेल्या पैशाचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे असेल तरच त्या शब्दाला अर्थ आहे.

संयुक्त व्यवस्थापनाची कल्पना मुळात वाईट नव्हती. १९७२ मध्ये पश्चिम बंगालच्या मिदनापूर जिल्ह्यात अरबारी येथे अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यांनी ११ गावांशी बोलणी केली: सालाचे उजाड झालेले सुमारे १,२७२ हेक्टर जंगल तुम्ही राखा, त्या बदल्यात तुम्हाला काम मिळेल आणि उत्पन्नातला चौथा हिस्सा मिळेल. सालाच्या खुंटाला चराई आणि कुऱ्हाडीपासून काही वर्षे उसंत मिळाली, की तो आपणहून फुटतो. अरबारीत तेच झाले. पुढे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने स्थानिकांच्या गरजांना महत्त्व दिले, १ जून १९९० ला केंद्राचे परिपत्रक निघाले आणि १९९१ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशाने आपला आदेश काढला. समित्या गावोगाव झाल्या. पण अरबारीत समोरासमोर बसून ठरलेला करार होता, तर आमच्याकडे वरून आलेला नमुना होता, आणि नमुन्यात गावाचे नाव भरायला फक्त एक रिकामी ओळ ठेवलेली होती.

अधिकाराने माणसाचे वागणे कसे बदलते, हे मी त्याच भागात मोहाच्या दिवसांत पाहिले. मोहाची फुले पहाटे गळतात आणि पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला जाळतात. जंगलातले बरेचसे वणवे इथूनच पेटतात. एका सकाळी एक बाई झाडाखालचा पाला फडक्याने एका बाजूला सारत होती, जाळत नव्हती. तिला विचारले तेव्हा कळले, की ते झाड तिच्या घराण्याच्या वाट्याचे होते. कागदावर नाही, गावाच्या रीतीने. खोडाशी वाढलेली दोन रोपटी तिने काट्यांनी आवळून ठेवली होती. नाल्यापलीकडच्या मोहांखालची जमीन मात्र काळीठिक्कर होती. ती झाडे कोणाच्याच वाट्याची नव्हती. जो आधी पोचेल त्याची फुले. माणसे तीच, झाडे तीच, अंतर असेल दोनशे पावलांचे.

२००६ च्या वनाधिकार कायद्याने हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत आणली. वैयक्तिक पट्ट्यांची, म्हणजे एकेकट्याला मिळणाऱ्या जमिनीच्या हक्कपत्रांची, चर्चा खूप होते, पण त्याच कायद्यात ग्रामसभेला सामूहिक वनसंसाधनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, आणि माझ्या मते कायद्याचा जीव तिथे आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टरांवर असा हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळायला २०११ उजाडले, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्यांना गावात यावे लागले. हक्क देणे आणि पासबुक हातात देणे यांत किती अंतर असते, ते यावरून समजते.

मला त्याहून विलक्षण वाटते ते चंद्रपूर जिल्ह्यातले पाचगाव. सामूहिक हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने बांबूचे उत्पन्न घेतले, जंगलाचा एक भाग देवराईसारखा राखून ठेवला आणि तेंदूपत्ता तोडणे बंद केले. तेंदूच्या कोवळ्या पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लागतात, आणि अखेर ते पान जाते विडीत. आता मध्य प्रदेशाकडे पाहा. इथे तेंदूपत्त्याचा व्यापार १९६४ पासून सरकारच्या हातात आहे, आणि संकलन सहकारी संस्थांमार्फत होते. ५० पानांची एक गड्डी, अशा १,००० गड्ड्यांचा एक मानक बोरा आणि २०२४ पासून त्याचा दर ४,००० रुपये. बँकेची सवय म्हणून हिशेब केला: एका पानाला आठ पैसे. मे महिन्याच्या उन्हात हे आठ पैसे लाखो घरांना आधार देतात, त्यामुळे पाचगावचा निर्णय सर्वांनी घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण आलेले उत्पन्न नाकारण्याचा निर्णय कोणतेही सरकारी खाते घेऊ शकले नसते. तो गावालाच घेता येतो, कारण त्याची किंमतही गावच मोजते.

सहकाऱ्यांचा आक्षेप मला माहीत आहे. बुऱ्हाणपूरकडे काय झाले, असे ते विचारतील. २०२२-२३ मध्ये नेपानगरच्या परिसरात अतिक्रमणासाठी मोठी जंगलतोड झाली, हे खरेच आहे. मात्र त्या तोडीविरुद्ध ओरड करणाऱ्यांत, मोर्चे काढणाऱ्यांत त्याच जिल्ह्यातले आदिवासी गावकरी होते, हे आपण विसरतो. गाव म्हणजे संतांची वस्ती नव्हे. तिथेही दांडगे असतात, आणि बैठकीत पुरुषच बोलतात. एखादा डोंगर चराईबंद आणि तोडबंद करायचे पुरुष ठरवतात, आणि सरपणाची मोळी दोन कोस लांबून आणावी लागते ती बायकांना. त्यामुळे ग्रामसभेत बायकांची संख्याच नव्हे, तर त्यांचे म्हणणे कार्यवृत्तात लिहिले गेले की नाही, हेही पाहिले पाहिजे. पण ही दुरुस्ती ग्रामसभा बळकट करून होईल. कुंपणाने होणार नाही.

आणि कुंपणावर विश्वास इंदूरकरांनी तरी ठेवू नये. २०१७ पासून आपण स्वच्छतेची बक्षिसे मिरवतो आहोत, ती काय दर चौकात शिपाई उभा करून मिळाली? दंड होता, पण दंडाच्या भीतीने शिस्त महिनाभर टिकते. गाडी रोज वेळेवर दारात आली, म्हणून आपण ओला-सुका कचरा वेगळा करू लागलो.

मध्य प्रदेशात १५ नोव्हेंबर २०२२ पासून पेसाचे, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे, नियम लागू आहेत. झाबुआ, अलिराजपूर, बडवानीसारख्या अनुसूचित भागांत ग्रामसभेने ठरवले तर तेंदूपत्ता तिला स्वतः गोळा करून विकता येतो. त्यासाठी खरेदीदारांशी करार लागतो, गोदाम लागते, खेळते भांडवल लागते आणि स्वच्छ हिशेब लागतो. नेमक्या या टप्प्यावर "गावकऱ्यांना जमणार नाही" असे म्हणून वही पुन्हा दुसऱ्याच्या हातात जाते. समितीच्या त्या अध्यक्षांनाही कोणी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, शिकवली नव्हती. मीही नाही, आणि माझी खुर्ची त्यांच्यापासून तीन फुटांवर होती.

आमच्या त्या डब्यातल्या अकरा जणांची मिळून बँकेतली साडेतीनशे वर्षे तरी भरतील. रोजकीर्द, खतावणी, जुळवणी हे आम्हाला झोपेतही येते. महिन्यातले दोन दिवस एखाद्या ग्रामसभेत बसून हे शिकवायला कोण कोण तयार आहे, असे मी काल रात्री गटात विचारले. आतापर्यंत तिघांनी होकार दिला आहे. त्यांतले एक कुंपणवालेच आहेत, फक्त जेवणाचे काय, एवढे त्यांनी विचारले आहे.