स्टोमाभोवती आग होतेय? कात्री खाली ठेवा

‘स्टोमाभोवतीची त्वचा लाल झाली? घरच्या घरी उपाय’ असा मेसेज फिरतोय. स्टोमा म्हणजे मैला बाहेर पडावा म्हणून ऑपरेशन करून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड. त्याच्याभोवती भोक असलेली चकती चिकटवतात आणि तिला पिशवी जोडलेली असते. नुकतंच ऑपरेशन झालेल्या आत्यापर्यंतही तो पोचला. तिने करून बघण्याआधी विचारलं, हे नशीब. मेसेज म्हणतो: लाली काही महिने राहणारच, चकतीचं भोक मोठं कापा, त्वचेला हवा मिळेल, स्पिरिटने पुसा, वर भरपूर क्रीम लावा, चकती रोज बदला, पाणी कमी प्या.

आधी भोक, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. हवा कुठून मिळणार? भोकाच्या पलीकडे पिशवी आहे आणि पिशवीत काय असतं ते सांगायला नको. स्टोमा ३० मिमीचा आणि भोक ४० मिमीचं असेल, तर चहूबाजूंनी ५ मिमी त्वचा उघडी पडते आणि मैला थेट तिच्यावर साचतो. इलिओस्टॉमीत, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं असेल तेव्हा, तो पातळ असतो, शिवाय त्यात पाचकरस शिल्लक असतात. अन्न पचवणारे ते रस त्वचेलाही सोडत नाहीत. त्वचा सोलवटते, ओलावते, ओल्या त्वचेवर चकती धरत नाही, गळती होते आणि आग वाढते.

भोक स्टोमापेक्षा २-३ मिमीच मोठं हवं. फार घट्टही नको, कड स्टोमाला घासते. पण ऑपरेशननंतर सूज उतरते तसा स्टोमा ६ ते ८ आठवडे लहान होत जातो. पहिल्या दिवशीच्या मापाने कापत राहिलात तर मेसेज न वाचताही भोक मोठंच राहणार. म्हणून या काळात दर वेळी चकती बदलताना माप घ्या. स्टोमा लंबगोल असेल तर तसाच आकार कापा.

लाली ‘राहणारच’? युनायटेड ऑस्टमी असोसिएशन्स ऑफ अमेरिका ही रुग्णांची संघटना साफ सांगते की स्टोमाभोवतीची त्वचा पोटाच्या बाकीच्या त्वचेसारखीच दिसायला हवी. लाली टिकली तर कारण शोधायचं, वाट बघत बसायचं नाही.

स्पिरिटने त्वचा कोरडी पडते आणि झोंबते. तेलकट क्रीमवर चकती चिकटत नाही. कोमट पाणी पुरतं. हलकेच टिपून कोरडं करा. सोलवटलेल्या ओल्या जागेवरच ओल शोषणारी स्टोमा पावडर भुरभुरा, जास्तीची झटका, वर अल्कोहोल नसलेली बॅरिअर फिल्म (त्वचेवर पातळ संरक्षक थर धरणारं द्रव) लावा, वाळू द्या, मग चकती. कडेला खाजणारे बारीक लाल पुरळ असतील तर बहुधा बुरशी. तिला डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं औषध लागतं, ही पावडर नाही.

रोज चकती ओढून काढली की वरचा थर सोलून निघतो. गळती किंवा जळजळ असेल तर मात्र लगेच बदला, कडेला टेप लावून दिवस ढकलू नका. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा.

पाण्याच्या सल्ल्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य. इलिओस्टॉमीतून फार पातळ मैला जात असेल तर डॉक्टर साधं पाणी मर्यादित करतात, पण त्याच्या जागी मीठ-साखरेचं योग्य प्रमाणातलं द्रावण देतात. मेसेजने दुसरा भाग गाळलाय. नुसतं पिणं तोडलं तर शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही घटतं. दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त मैला, लघवी कमी आणि चक्कर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.